सोनटक्का कुठे लावायचा? कोकणातल्या परसातली ओलाव्याची फुलं

कोकणात नवं घर बांधलेली किंवा मुंबईहून गावच्या घरी परतलेली माणसं जुलैत पडवीत उभी राहून पाऊस बघतात आणि म्हणतात, इथे पाण्याला काय तोटा! मग रोपवाटिकेतून सोनटक्का, हेलिकोनिया, लिली येते, कुंपणाच्या कडेने ओळीत लागते, गणपतीत हिरवीगार दिसते आणि एप्रिलमध्ये तिथे वाळक्या काड्या उरतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी हेच झालं. गुहागर तालुक्यात, खाडीपासून वर चढून आलं की जांभ्याच्या जमिनीवर आमचं घर आहे. फाटकापासून तुळशीपर्यंत मी सोनटक्क्याचे बारा कंद लावले होते. पुढच्या मृगाला त्यातले दोन फुटले. शेजारच्या काकू ते बघून म्हणाल्या, "अगो, ज्याला सारखी तहान लागते त्याला फाटकाशी कशाला उभं केलंस? मोरीकडे ने त्याला."

त्या एका वाक्यात निम्मी बाग आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस थांबला की काही दिवसांत पाणी खाली उतरतं, डोंगरकुशीतल्या पऱ्यांतून, म्हणजे ओढ्यांतून, वाहून समुद्राला मिळतं. खाली किनाऱ्यालगत पुळणीची, म्हणजे वाळूची, जमीन, तिथे तर आणखी लवकर. म्हणजे ओलाव्याच्या फुलांना कोकणातला पावसाळा नव्हे, उरलेले आठ महिने जगवावे लागतात. झाड कोणतं आणायचं हा प्रश्न त्यामुळे दुसरा. आधी आपल्या घराचं पाणी कुठे कुठे जातं ते बघायचं.

पाणी शोधा

मार्च-एप्रिलमध्ये, दुपारी, घराभोवती एक सावकाश फेरी मारा. जिथे त्या दिवसांतही गवत हिरवं आहे, अळू तग धरून आहे, बेडूक दिसतो, ती जागा लक्षात ठेवा. मोरीचं किंवा न्हाणीघराचं पाणी बाहेर पडतं तिथली जागा बहुतेक घरांत असतेच. विहिरीवरच्या डोणीपाशी, म्हणजे पाण्याच्या दगडी कुंडापाशी, सांडतं ते पाणी, छपरावरची टाकी भरून वाहते ती कड, नारळाची रोज शिंपली जाणारी आळी, या सगळ्या जागा कामाच्या. घरामागे पोफळीचं आगर असेल तर तुम्ही नशीबवान. पोफळीला उन्हाळाभर पाणी द्यावंच लागतं, वर गार सावली असते, आणि हेलिकोनिया किंवा लाल आल्याला (शोभेच्या, लाल तुऱ्याच्या आल्याला) अगदी असंच हवं असतं.

पागोळ्या पडतात ती रेघ मात्र फसवी. पावसाळ्यात तिथे पाणी बदाबदा पडतं, कंद उघडे पडतात, आणि दिवाळीनंतर तीच जागा घराच्या भिंतीची धग सोसत कोरडी ठाक होते. तिथे काही लावू नका. लावायचंच तर पागोळीपासून दोन हात पुढे.

जागा सापडली की एक फूट लांब-रुंद, एक फूट खोल खड्डा खणा आणि पाण्याने भरा. मुरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ बघा. अर्ध्या तासात खड्डा रिकामा झाला तर ती जमीन पाणी धरत नाही, वाफा तयार करावा लागेल. दोन-चार तास लागले तर उत्तम. हीच परीक्षा जुलैत, पावसाची उघडीप असताना पुन्हा करा. तेव्हा रात्रभर पाणी तसंच राहिलं तर तिथे सोनटक्का आणि हेलिकोनियाचे कंद कुजतील. ओलावा आवडणं वेगळं आणि पाण्यात उभं राहणं वेगळं. नवख्यांचे कंद जितके उन्हाने मरतात, जवळपास तितकेच साचलेल्या पाण्याने कुजतात.

सोडणांचा वाफा

जांभ्यात किंवा पुळणीत ओल धरून ठेवायला आपल्याकडे जी वस्तू आहे तिच्यासारखी विकतची मिळणार नाही. ती म्हणजे नारळाची सोडणं, करवंटीवरची काथ्याची जाड सालं. नारळाच्या बागांत आळ्याभोवती सोडणं पुरायची रीत जुनी आहे आणि एकदा पुरली की पाच-सहा वर्षं काम देतात. तीच युक्ती फुलांसाठी वापरायची.

सहा फूट लांब, तीन फूट रुंद वाफा आखा. पहिल्यांदा याहून मोठा करू नका, पाणी घालताना दमछाक होते. दीड फूट खोल खणा. चिऱ्याचा कातळ लागला तर पिकावाने जेवढं निघेल तेवढं काढा. फूटभर खोली मिळाली तरी चालते, मग कडेला चिरे लावून वाफा अर्धा फूट उंच करायचा. तळाला सोडणांचा थर द्या, पोकळ बाजू वर करून. वाटीत पाणी राहावं तसं त्यांत राहतं. सोडणं आधी दोन दिवस पाण्यात भिजत घातली तर बरं, कोरडी पुरली तर सुरुवातीला तीच आजूबाजूची ओल ओढून घेतात. त्यावर थोडी माती पसरून दुसरा थर, आणि वर खणून काढलेली माती, तिच्या निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत आणि तितकाच कुजका पालापाचोळा.

'चांगलं कुजलेलं' हे शब्द मी मुद्दाम लिहिलेत. कच्चं शेण आणि सुका पाला एकत्र पुरला की वाळवी येते, आणि कोकणात वाळवीला बोलावणं धाडावं लागत नाही. खत काळं, भुसभुशीत आणि बिनवासाचं असेल तरच घाला. एवढ्या वाफ्याला दोन-तीन मुठी निंबोळी पेंड मिसळा. आपली जांभी माती आम्लधर्मी असते आणि तिच्यातलं लोह स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं, झाडाला सहज देत नाही. त्यासाठी दोन ओंजळी हाडांचा चुरा घालावा. पुळणीच्या जमिनीत एक जास्तीचं काम करा. सोडणांच्या खाली जुन्या ताडपत्रीचा तुकडा अंथरा आणि त्याला हातभर अंतरावर भोकं पाडा. भोकं विसरलात तर पावसाळ्यात वाफ्याची विहीर होईल.

काय लावावं

पहिलं झाड सोनटक्काच असावं, असं माझं ठाम मत आहे. तो आल्या-हळदीच्या कुळातला आहे. त्याचा कंद सोसतो, चुकांना माफ करतो, आणि फुलं ऐन श्रावण-भाद्रपदात येतात, म्हणजे पूजेला पांढरी, सुवासिक फुलं घरचीच. कळ्या संध्याकाळी उमलतात, कारण त्या रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी असतात. दिवसभर तिष्ठत बसून वास का येत नाही म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगते, दिवेलागणीला या. त्याला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळाली तर तो चार-पाच फूट उंच होतो. पूर्ण सावलीत पानं खूप येतात आणि फुलं येत नाहीत. रोपवाटिकेतून विकत आणण्याआधी गावात विचारा. ज्याच्या परसात सोनटक्का आहे त्याच्याकडे तो जास्तच असतो, आणि कंद द्यायला कुणी नाही म्हणत नाही.

दुसरी कर्दळ. सगळ्यात कणखर, आणि मोरीच्या पाण्यालगत उभी राहू शकणारी. सांडपाणी गाळायच्या वाफ्यांत ती मुद्दाम लावतात ते उगीच नाही. तिला पूर्ण ऊन हवं. लाल, पिवळी, ठिपक्यांची, हवी ती घ्या. पण दोन रंग एकमेकांना खेटून लावू नका, जोरकस रंग दुसऱ्याला दोन वर्षांत गिळतो. बियांपासून करायची हौस असेल तर बी इतकं कठीण असतं की कानशीने किंवा चिऱ्यावर घासून त्याचं काळं कवच थोडं उडवावं लागतं आणि मग रात्रभर भिजवावं लागतं. कंदाचं काम सोपं आहे.

हेलिकोनिया मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, पण आपल्या दमट हवेत घरचा झालाय. लोंबत्या लाल-पिवळ्या चोचींचा मोठा प्रकार पोफळीच्या किंवा नारळाच्या विरळ सावलीत लावा, त्याला निदान तीन फूट मोकळी जागा द्या. पोपटाच्या चोचीसारखा बुटका, केशरी प्रकार उन्हातही राहतो आणि वर्षातले बरेच महिने फुलतो. लाल आलंही याच पंगतीतलं.

पेव तुम्ही पाहिलेलाच असेल. पावसात घाटरस्त्याच्या कडेला, लाल कणसातून पांढरी, चुरगळलेल्या रेशमासारखी फुलं डोकावतात तो. त्याच्या दांड्याला पानं गोल जिन्यासारखी चढत जातात. परसाच्या ओल्या कोपऱ्याला याच्याइतकं शोभणारं दुसरं रानझाड मला माहीत नाही. मात्र रानातला गड्डा खणून आणू नका. दांड्याचे वीतभर तुकडे ओल्या मातीत आडवे ठेवले तरी त्याला फूट येते.

समुद्रालगत घर असेल आणि मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ होत असेल तर वरची बरीच झाडं पानांच्या कडा करपवून घेतील. तिथे नागदवणा लावा. तो मुळात किनाऱ्यावरचाच, खारं वारं त्याला बाधत नाही. पांढरी, कोळी किड्याच्या पायांसारख्या पाकळ्यांची लिलीही तिथे बरी राहते. या दोघांचे कांदे विषारी आहेत, स्वयंपाकाच्या कांद्याच्या टोपलीजवळ चुकूनही ठेवू नका. लहान मूल किंवा नवं वासरू घरात असेल तर आडोशालाच लावा.

केवडा मी लहान परसासाठी सुचवणार नाही. तो पऱ्याच्या किंवा खाडीच्या कडेलाच छान. त्याचा पसारा आणि पानांवरचे काटे घराजवळ नकोत, आणि सुगंधी कणीस फक्त नर झाडाला येतं, जे लावताना ओळखता येत नाही. भुईचाफ्याबद्दल बरेच जण विचारतात. तो उन्हाळ्यात जमिनीतून थेट फुलतो, पण हिवाळ्यात झोपलेला असताना त्याला कोरडं लागतं. सोनटक्क्याच्या वाफ्यात तो कुजेल. कुंडीत वेगळा ठेवा. आणि सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरची, दिपकाडी किंवा पावसाळी रानफुलं उपटून आणायचा मोह टाळा. ती कातळावरच्या चार बोटं मातीसाठी घडलेली आहेत, वाफ्यात जगत नाहीत, आणि सड्यावरून मात्र कायमची जातात.

लावणी

वेळ म्हणजे मे महिन्याचा शेवटचा आठवडा. मृगाच्या तोंडावर लावलं की पहिल्या पावसात कंद डोळे उघडतात आणि आर्द्राच्या झोडपण्याआधी मुळं धरतात. जुलैत लावलेला कंद ओल्या मातीत नुसताच बसून राहतो आणि पुष्कळदा कुजतो. मेमध्ये लावायचा म्हणजे आठ-दहा दिवस हाताने पाणी घालावं लागतं, तेवढं घाला.

सोनटक्क्याचा कंद निवडताना बोटभर जाड, कडक आणि निदान दोन डोळे असलेला घ्या. दाबला तर मऊ लागणारा, आंबूस वास येणारा कंद फेका. कोयत्याने तुकडे केले असतील तर कापलेली बाजू राखेत बुडवून एक दिवस सावलीत सुकू द्या. दोन इंच खोल, डोळे वर करून आडवा ठेवा. एका वाफ्यात दीड-दोन फुटांवर लावले तर सहा-सात कंद पुरे. पहिल्या वर्षी वाफा रिकामा दिसेल. दाटी करू नका, दोन वर्षांत कंद स्वतःच जागा भरतात. कर्दळ तीन-चार इंच खोल. लिली आणि नागदवणा यांच्या कांद्याची मान मातीच्या वर दिसली पाहिजे, पूर्ण पुरले की फुलायला कुरकुर करतात.

मोरीचं पाणी

मोरीचं पाणी थेट झाडांत सोडू नका. आम्ही मोरीच्या तोंडाशी दोन फुटांचा चौकोनी खड्डा केला, तो चिऱ्याच्या तुकड्यांनी आणि वर खडीने भरला, तोंडाला जाळी बसवली. भाताची शितं आणि तेलाचा चिकटा तिथे अडतो. पुढे उथळ पाट, पाटाच्या सुरुवातीला अळू आणि कर्दळ, मग सोनटक्का. पाणी कुठेही उघडं साचत नाही, खडीखालूनच मुरतं. साचलं तर डासांची पैदास होते आणि बागेचा आनंद तिथेच संपतो. शौचालयाचं पाणी या पाटात कधीही येता कामा नये. विहिरीपासून ही सगळी व्यवस्था निदान पन्नास फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवी. या पाटावरचा अळू आम्ही फतफत्याला वापरत नाही, त्यासाठी वेगळा आहे.

कपड्यांच्या पावडरीचं पाणी सगळ्यात त्रासाचं. त्यातल्या सोड्याने मातीवर पांढरट पापुद्रा येतो आणि पानांच्या कडा तपकिरी होतात. तसं दिसलं तर आठवडाभर साधं पाणी द्या. दुसऱ्या-तिसऱ्या खळबळीचं पाणी तेवढं पाटात सोडा, पहिलं दुसरीकडे वळवा. पावसाळ्यात तर पाटाच्या तोंडाशी चिरा लावून सगळंच पाणी बाजूला काढा. तेव्हा त्या वाफ्याला आणखी पाणी नको असतं.

वर्षभराचं काम

पावसाळ्यात गोगलगाई. रात्री जेवणं आटपल्यावर बॅटरी घेऊन जा, वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. सलग आठ रात्री हे केलंत तर कोवळे कोंब वाचतात. औषधाने बेडूकही मरतात, म्हणून मी ते वापरत नाही. कर्दळीची पानं गुंडाळलेली दिसली तर आत अळी आहे, पान उलगडून काढून टाका. एखादा कोंब पिवळा पडून सहज हातात आला आणि कुजका वास आला, तर त्या कंदाभोवतीची माती खणून कंद काढून जाळा आणि पाण्याला वाट करून द्या. वाऱ्याने सोनटक्का आडवा होतो. बांबूच्या काठ्या चारी कोपऱ्यांना पुरून भोवती सुंभ गुंडाळला की पूर्ण झुबका सावरला जातो.

दाट झुडपाशी बेडूक येतात आणि बेडकांमागे साप येतो. झुडपाच्या कडेने दीड फूट जमीन नेहमी साफ ठेवा, हात घालण्याआधी काठीने हलवा, आणि रात्री अनवाणी जाऊ नका. आपल्या भागात फुरसं आहे, घोणस आहे. चावा झाला तर वेळ न घालवता थेट दवाखान्यात जा, प्रतिसर्पविष तिथेच मिळतं.

यात सगळ्यात मोलाचं काम दसऱ्याच्या सुमाराला येतं आणि नेमकं तेव्हाच नवखे बाग विसरतात. पाऊस ओसरलेला असतो, माती वरून ओली दिसते, पण ऑक्टोबरचं ऊन पंधरा दिवसांत ती ओढून घेतं. माती ओली असतानाच वाफ्यावर चार इंच पाला, सुपारीची विरी, झावळ्यांचे तुकडे असं जे हाताशी असेल ते पसरा. कोरड्या मातीवर पसरलेला पाला उशिरा केलेल्या पाहुणचारासारखा आहे, त्याचा फारसा उपयोग नाही. पाला कोंबांच्या बुंध्याला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा.

आणखी एक गोष्ट सगळ्यांनाच लागू आहे. सोनटक्का, कर्दळ, हेलिकोनिया, लाल आलं, यांचा एकदा पूर्ण फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही. फुलून गेलेला दांडा जमिनीलगत कापा, म्हणजे कंदाची ताकद नव्या कोंबात जाते. हिरवा आहे म्हणून जीव तुटतो, पण कापा. ज्याला अजून फूल आलं नाही त्याला हात लावू नका. कापलेले दांडे तिथेच वाफ्यावर आंथरा.

फेब्रुवारीपासून मेपर्यंत सहा फुटांच्या वाफ्याला मी दिवसाआड चार बादल्या पाणी देते, सूर्य मावळल्यावर. बोट दोन इंच मातीत घालून बघा, ओलं लागलं तर त्या दिवशी नको. एप्रिलमध्ये सोनटक्का पिवळा पडला, अर्धा वाळला, तरी घाबरू नका. कंद जिवंत असेल तर तो जूनमध्ये येतो. तीन वर्षांनी वाफा कंदांनी खच्चून भरतो आणि फुलं लहान होतात. मग मेमध्ये सगळं खणून काढा, बाहेरचे तरणे कंद पुन्हा लावा, मधले म्हातारे काढून टाका. टाकताना पऱ्यात भिरकावू नका. सोनटक्क्याने जगात अनेक ठिकाणी ओढ्यांचे काठ व्यापून तिथली मूळची झाडं हटवली आहेत. ते कंद उन्हात खडखडीत वाळवून मगच खतात घाला. गावात रानडुकरं येत असतील तर नव्या लावणीवर काटेरी फांद्या टाकून ठेवा, कर्दळीचा कंद त्यांना फार आवडतो.

जागा अगदीच नसेल तर एका मोठ्या टपात कुमुदिनी लावता येते. कंद चिकणमातीच्या लहान पाटीत लावा, मातीत खत किंवा काथ्याचा भुसा नको, तो तरंगतो. वर खडी पसरा, पाटी टपात ठेवा, वर वीतभर पाणी. रोज पाच-सहा तास ऊन हवंच. पाण्यात चार गप्पी मासे सोडा, ते डासांच्या अळ्या खातात. जलपर्णी मात्र सुंदर दिसली तरी आणू नका.

आणि सोनटक्क्याला पहिल्या वर्षी फूल आलं, की ते झाडावर उमलायची वाट न बघता दुपारी चार-पाचच्या सुमाराला खुडा. ज्या कळीचं टोक लांब आणि पांढरंशुभ्र झालंय, पण अजून घट्ट मिटलेलं आहे, ती निवडा. पाण्याच्या वाटीत देठ बुडवून देवघरात ठेवा. दिवा लावून होईपर्यंत ती उमललेली असते आणि वास माजघरापर्यंत येतो.